चालत आलेली माती

३ ऑक्टोबर, मंगळवार

वेन्झूला आज तोंडावर सांगून टाकलं, मी सही करणार नाही. आत ये म्हटलं तरी तो उंबऱ्यावरच उभा होता, टोपी हातात धरून, जणू पाण्याचं मीटर बघायला आलेला माणूस. सख्खा भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि आईच्या घरात पाऊल टाकायला तयार नाही.

शेत अर्धं त्याचं, अर्धं माझं. दोघांच्या सहीशिवाय बिल्डर एल्टन ते घेणार नाही. एल्टनला तिथे चार मजले फ्लॅट बांधायचेत आणि खाली मोटारींचे गाळे. गावातला निम्मा रस्ता त्याने असाच गिळलाय. मी विचारलं, बाबांनी जिथे जन्म घालवला तिथे मोटारी उभ्या करायच्या? वेन्झू म्हणाला, "मोटारी तरी सुखानं उभ्या राहतील. आम्ही तिथे वाकलेलेच होतो."

मग म्हणाला, सही कर, सिन्योरिना, हट्ट कशाला. लहानपणापासून चिडवायचं असलं की तो मला सिन्योरिना, म्हणजे छोट्या बाईसाहेब, म्हणतो. मी म्हटलं, एकोणसत्तराव्या वर्षी बाकी काही उरत नाही, निदान हट्ट तरी राहू दे.

तो गेला. जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होता. इतकं नाटक करायची गरज नव्हती.

८ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधल्या मासहून परस्पर शेतावर गेले. चपला चांगल्या होत्या, त्या खराब झाल्या. पण गेले याचं बरं वाटतंय.

खरूबाच्या झाडाखाली बसायला अजून तोच सपाट दगड आहे. शेताच्या दगडी गडग्यातून केपरची झुडपं लोंबतायत. लहानपणी सुट्टीत आई मला इथे आणायची. पावाला टोमॅटो चोळून, वर तेल आणि मीठ घालून आम्ही खायचो, आणि पाखरं आमच्या तुकड्यांची वाट बघत गडग्यावर बसायची. बाबा आणि वेन्झू लांब कुठेतरी काम करत असायचे. मला त्या शेताची आठवण आली की नेहमी तेलाचा वास आणि पाखरं आठवतात. इतकं सुंदर काही माझ्या आयुष्यात नंतर आलं नाही.

आणि आज तिथे मला खापरं सापडली. मातीतून वर आलेली, तांबूस काळी. एकावर कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा आहेत. शाळेत चाळीस वर्षं मुलांना मी शिकवलं, की आपल्या बेटावर देवळं बांधणारी माणसं इजिप्तच्या पिरॅमिडांच्याही आधी होती. ती माणसं आमच्याच शेतात राहत होती तर?

एल्टनने बांधावेत मग फ्लॅट. बघूच.

११ ऑक्टोबर, बुधवार

खापरं रुमालात बांधून पुरातत्त्वाच्या कचेरीत गेले. तिथे राकेल नावाची एक तरुण बाई भेटली. नखांत माती, केस दोरीने बांधलेले. ती मला मिस म्हणाली, म्हणजे तिच्या लक्षात आलं की मी शिक्षिका. तिने खापरं भिंगाखाली धरली, कडांवरून पुन्हापुन्हा अंगठा फिरवला. जुनी आहेत का विचारलं तर म्हणाली, हो, एक तर फारच जुनं आहे. मग भिंग खाली ठेवून म्हणाली, "पण मिस, जुनं असणं वेगळं आणि इथलं असणं वेगळं." मी म्हटलं, माझ्या शेतातलं म्हणजे इथलंच. ती हसली. पुढच्या आठवड्यात येऊन एक चर खणणार आहे. खाली भिंती, जमीन, चूल असं काही लागलं, तर तिथे कुणालाही बांधता येणार नाही.

घरी येऊन माझ्या कपात चहा केला. निळ्या काठाचा, आत काठाखाली बारकी चांदणी असलेला. शाळा सोडताना सिस्टर बेनिन्यांनी तो मला दिला होता. सगळ्या कॉन्व्हेंटमध्ये हेच कप होते. आज खूप दिवसांनी त्या शाळेची आठवण आली. मेणाचा वास, लांब ओसऱ्या, आणि भूगोलाच्या तासाला मागच्या गल्लीत येणारी ती कचऱ्याची गाडी. तिचा वास आला की आम्ही मुली नाक दाबून खिडक्या लावायचो आणि सिस्टर रागवायच्या. पण त्या गाडीवरचं पोरगं शिट्टी फार गोड वाजवायचं. मेरीच्या स्तोत्राचा सूर, तोही आमच्यापेक्षा बरा. आम्ही म्हणायचो, कचऱ्यातला देवदूत. कोण जाणे कुठे असेल आता.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

खणायला सुरुवात झाली. यंत्र आत नेण्यासाठी कोपऱ्यातला गडगा पाडावा लागला. राकेलने पाडण्याआधी त्याचे फोटो काढले आणि आतली भर चाळून बघितली. तिने सांगितलं की गडग्याच्या दोन्ही अंगांना मोठे दगड रचतात आणि मधल्या पोकळीत बारीकसारीक भरतात. दगडांवरून वय कळत नाही, पण त्या पोकळीत बांधणाऱ्याच्या हातून काहीतरी पडलेलं असतं, चिलमेचा तुकडा, बटण, एखादं खापर, आणि तेच काय ते सांगतं. मला हे फार आवडलं.

वेन्झू रस्त्यावर उभा होता. आत आला नाही. दगड खाली आले तेव्हा तो असा खाकरला, की यंत्रवाल्याने वळून पाहिलं. मी म्हटलं, तुला काय, तू तर सगळंच पाडायला निघालायस. तो म्हणाला, पाडायचं तरी नीट पाडावं, आता हे दगड कुणाला लावता येणार आहेत? आणि गावातल्या वाजंत्र्यांच्या बँड क्लबकडे निघून गेला. तिथे काचेच्या पेल्यातला चहा घेऊन दिवसभर पत्ते कुटत बसतो. यासाठी याला शेत विकायचंय.

१८ ऑक्टोबर, बुधवार

खापरं, खापरं, खापरं. दोन परड्या भरल्या. बेकरीच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या सगळ्या बायकांना मी सांगितलं, की टोपलीवाल्यांच्या शेतात पुरातन गाव निघालंय.

आमच्या घराण्याला गाव टोपलीवाले म्हणतं. शाळेत असताना मला त्या नावाची लाज वाटायची, मुली त्यावरून चिडवतील म्हणून मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. आज मोठ्याने म्हटलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

राकेलने मला चरात उतरवलं, हात धरून. बाजूची माती पट्ट्यापट्ट्यांची दिसते. वर करडी, खाली लालसर, त्याखाली दगडांचा चुरा आणि तळाला नुसता खडक. चूल नाही, भिंत नाही, माणसाने तुडवलेली जमीन नाही. तिने तीन खापरं माझ्या तळहातावर ठेवली. एक देवळं बांधणाऱ्यांच्या काळातलं, एक रोमनांचं, एक हिरव्या झिलईचं, अरबांचं. तिघं एकाच थरात, शेजारीशेजारी. आणि तिघांच्या कडा गारगोटीसारख्या गुळगुळीत.

"इथे फुटली असती तर कडा धारदार असत्या," ती म्हणाली. "ही खूप फिरलीत, मिस. ही माती कुणीतरी दुसरीकडून आणून टाकलीय."

आणि तेव्हा मला आठवलं. आठवायला काही अवघडही नव्हतं. महायुद्धात विमानांची धावपट्टी करताना तिथली शेतं सरकारने घेतली, आणि बाबा आणि आजोबा तिथली लाल माती गाड्या भरभरून इकडे आणत होते, हे आई शंभरदा सांगायची. माती टाकायची नाही हा आमच्याकडे कायदाच आहे. घर बांधायचं असलं तरी आधी माती उचलून दुसऱ्याच्या शेतात पसरायची. आमच्या बेटावर माणसं जागेवर राहतात आणि माती चालते. हे पोरासोरांना माहीत आहे. आणि मी, चाळीस वर्षं शिकवलेली बाई, रुमालात खापरं बांधून गावभर मिरवले.

राकेल मात्र निराश नव्हती. तिने खाली वाकून तळाचा खडक हाताने पुसला. त्यावर टिकावाचे घाव होते, तिरपे, एकसारखे. ती म्हणाली, इथे मुळात शेत नव्हतंच. कुणीतरी उघडा खडक फोडला, मोठ्या दगडांचा गडगा केला, चुऱ्याने खड्डे भरले, मग पिढ्यान्‌पिढ्या वरून माती आणून घातली. "भांडं घडवतात तसं हे शेत घडवलंय. मला विचाराल तर परडीतल्या सगळ्या खापरांपेक्षा मोठी वस्तू हीच आहे."

मी विचारलं, मग ही वस्तू वाचेल का?

ती म्हणाली, अहवालात ती सगळं लिहील. पण अहवालाने बांधकाम थांबत नाही.

संध्याकाळी बेकरीच्या गाडीकडे गेले नाही. शिळा पाव खाल्ला. सही मात्र करणार नाही. पुरातन गाव नसलं तर नसो.

२ नोव्हेंबर, गुरुवार

मेलेल्यांचा दिवस. बाबांच्या कबरीवर फुलं ठेवली. वेन्झू आधीच आलेला होता, कबरीचा दगड पुसत होता. गुडघे टेकता येईनात म्हणून उभ्यानेच काठीला फडकं बांधून पुसत होता. मी म्हटलं, मी करते, तर म्हणाला, राहू दे, तुझे हात कसले.

मी तिथेच विषय काढला. बाबांना काय वाटलं असतं? त्याने काठीचं फडकं सोडलं. मग म्हणाला, "बाबांना त्या शेतानं खाल्लं. मला अर्धं खाल्लं. तुला तेवढे पक्षी दिसले."

कबरीपाशी असं बोलणं शोभत नाही. मी फुलं सारखी केली. मेणबत्ती वाऱ्याने विझत होती, ती त्याने हात आडवा धरून पुन्हा लावली. त्याच्या तळव्याची कातडी ज्वाळेला लागत होती, पण त्याला कळत नव्हतं. इतकी जाड आहे ती.

६ नोव्हेंबर, सोमवार

आज राकेल घरी आली होती. तिने वरच्या करड्या थरातल्या वस्तू धुऊन एका परडीत आणल्या होत्या. म्हणाली, पुस्तकात फार जुनं सगळं सापडतं, पण हे पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं आहे, मिस, तुमच्या काळातलं, तुम्हीच ओळखा.

बाहुलीचा चिनीमातीचा हात. शाईच्या बाटलीचं तोंड. हाडाचं बटण. आणि निळ्या काठाचे तुकडे. एक, दोन, कितीतरी. एकावर आत बारकी चांदणी.

मी उठून माझा कप आणला. तिने तुकडा कपाच्या काठाला लावला आणि रेघ पुढे तशीच गेली.

मला इतका आनंद झाला. माझी शाळा आमच्या शेतात कशी आली? मी काय काय सांगत सुटले, सिस्टर लोकांची कधी सहल आली असेल, आईने कुणाला चहाला बोलावलं असेल. तेवढ्यात वेन्झू आला. चर कधी बुजवणार हे त्याला राकेलला विचारायचं होतं. यावेळी तो आत आला. टेबलावरच्या परडीकडे बघत उभा राहिला.

"हे मी आणलंय," तो म्हणाला.

राकेलने विचारलं, कुठून?

"सिस्टरांच्या मागच्या दारातनं. त्यांचं खरकटं, राख, फुटकी भांडी. बुधवारी आणि शनिवारी. खतासारखं शेतात जायचं सगळं." तो राकेलशीच बोलत होता. "बाबांनी त्यांच्याशी ठरवलं होतं. आम्ही त्यांचा उकिरडा उचलायचा आणि त्यांनी हिला शिकवायचं."

मी म्हटलं, मला कुणी सांगितलं नाही.

"सांगायचं नव्हतंच. तास सुरू झाल्याची घंटा झाल्याशिवाय गल्लीत शिरायचं नाही, असा बाबांचा हुकूम होता. तुला दिसायचं नाही, तुझ्या मैत्रिणींना दिसायचं नाही."

त्या वेळी तो अकरा वर्षांचा असेल.

मी एवढंच विचारू शकले, की शिट्टी तू वाजवायचास का.

"मग काय करणार? गाढवीण त्याशिवाय हलायची नाही," तो म्हणाला. आणि राकेलला विचारलं, चर कधी बुजवणार.

ते दोघे गेले. कप टेबलावर तसाच आहे. त्यात चहा करावासा वाटला नाही, आणि कपाटात ठेवावासाही वाटला नाही. जेवण केलं नाही. खिडकी उघडून बसले. गल्लीत कुणीच नव्हतं.

९ नोव्हेंबर, गुरुवार

बँड क्लबवर निरोप पाठवला, की एल्टनला घेऊन ये, मी सही करीन. शेत वेन्झूचं आहे. अर्धं नाही, सगळं. त्याला विकायचं असेल तर मी कोण.

असं लिहिलं आणि त्यानंतर तासभर भांडी घासत बसले. घासलेलीच होती.

१३ नोव्हेंबर, सोमवार

एल्टन शेतावरच भेटू म्हणाला. नवे बूट, हातात चामडी बॅग, बरोबर इंजिनिअर. मी माझी मोठी छत्री घेऊन गेले होते, पाऊस नसताना. सही करताना काहीतरी हातात हवं होतं.

राकेलचा अहवाल त्याच्याकडे पोचला होता. कागद त्याने मोटारीच्या टपावर पसरले. वेन्झूने पेन घेतलं, टोपण काढलं, चष्मा शोधायला लागला. एल्टन खुशीत होता. मला म्हणाला, "बघा मिस, उगाच तुम्ही मनाला लावून घेतलंत. तुमच्या तज्ज्ञ बाईनेच लिहिलंय, इथलं असं काहीच नाही. नुसती भर. इकडून तिकडून आणलेला कचरा."

वेन्झूला चष्मा सापडला होता. त्याने तो घातला आणि एल्टनकडे पाहिलं.

"कुणी आणलेला?"

"अहो, कोणीतरी आणला असेल. जुन्या लोकांनी."

"मी आणलेला."

एल्टन हसला, म्हणाला, काका, तुम्हाला म्हणायचं नव्हतं मला. इंजिनिअर खाली मातीकडे बघायला लागला.

वेन्झूने पेनाला टोपण लावलं. अगदी सावकाश, फिरवून. मग ते एल्टनच्या वरच्या खिशात खोचलं. "कचराच आहे ना, पोरा? मग कचऱ्यासाठी गेलं वर्षभर माझ्या दारी चकरा का मारतोयस? तुझ्याकडे स्वतःचा नाही का?"

एल्टनचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो माझ्याकडे वळला. मिस, तुम्हीच सांगा यांना, तुम्ही तर तयार होतात. मी म्हटलं, मी टोपलीवाल्यांची आहे, मला विचारू नका.

मग तो समजुतीने घ्यायला लागला. वेन्झूने त्याला शांतपणे सांगितलं, की कोपऱ्यातला गडगा पडलाय. आधी तो बांधायचा. उघड्या शेताची सही टोपलीवाले करत नाहीत, तशी रीतच नाही. अशी कुठलीही रीत नाही, हे मला माहीत होतं आणि वेन्झूलाही. एल्टन म्हणाला, एवढंच ना, माझी माणसं सिमेंटच्या ठोकळ्यांनी अर्ध्या दिवसात उभा करतील.

"ठोकळ्यांचा गडगा म्हणजे गडगा नव्हे."

"मग तुम्हाला किती दिवस लागतील?"

"ते दगड सांगतील," वेन्झू म्हणाला.

परतताना तो माझ्याबरोबर चालत आला. मी विचारलं, पाठ दुखते ना? म्हणाला, दुखते. विचारलं, मग बांधणार कसा? म्हणाला, हळू. थोडं चालल्यावर विचारलं, तुला खरंच विकायचं नाही? तो म्हणाला, "मला ते नकोच आहे. पण कचरा म्हणायचं असेल तर मी म्हणेन. तो कोण?"

मी त्याला आत बोलावलं. आला. सशाचा रस्सा होता, दोनदा घेतला. मीठ कमी पडलं म्हणाला.

२५ नोव्हेंबर, शनिवार

हात सोलवटलेत, पेन नीट धरता येत नाही. तरी लिहिते.

आज मी टोपली उचलली. वेन्झू खाली बुटक्या स्टुलावर बसतो, दगड हातात फिरवून बघतो, कुठली बाजू कुणाशी बसेल ते ठरवतो आणि मोठे दगड रचतो. मधल्या पोकळीत घालायचा चुरा त्याला कुणीतरी आणून द्यायला हवा. मी म्हटलं, मी आणते. तो म्हणाला, तुला झेपणार नाही. मी म्हटलं, दे. खांद्यावर पोतं दुमडून घ्यायचं असतं हेही मला ठाऊक नव्हतं. पहिली टोपली अर्ध्या वाटेत माझ्या पायांवर सांडली. वेन्झू इतका हसला, की त्याला खोकला आला. "सिन्योरिना, दगड वाहायचे असतात, ओवाळायचे नसतात." दुसरी टोपली नीट नेली. तिसरीनंतर खांदा बधिर झाला. चौथी नेताना मी गडग्यावरच्या पाखरांकडे बघितलं नाही, पायाखाली बघत होते.

दुपारी राकेल सहज आली होती. तिने चर बुजवलाय, आता काम संपलं, पण पाव-तेल खायला थांबली. वेन्झूला विचारत होती, माती चढवताना आधी कोणता कोपरा भरायचे, पावसात वाहून गेली तर काय करायचे. तो सांगत होता, "परत आणायची. आणखी काय करणार?"

मी पिशवीतून कप काढला. वेन्झूने बघितलं आणि पुढचा दगड हातात घेतला. मी तो कापडात न गुंडाळता, तसाच, गडग्याच्या पोटात ठेवला आणि वरून टोपलीभर चुरा ओतला. फुटल्याचा आवाज आला. पुढे कधी कुणी हा गडगा उघडलाच, तर भिंग घेऊन बघू दे. या वेळी कडा धारदार सापडतील. इथे फुटला, इथलाच आहे.

संध्याकाळ व्हायच्या आत एल्टनची मोटार रस्त्याने आली. तो गेल्या आठवड्यातही आला होता, किती झालं बघायला. काच खाली करून मोटार हळू हळू चालवत होता. कोपरा आता कमरेइतका आलाय, दिसायलाही सुरेख दिसतो.

वेन्झूने मोटारीकडे पाहिलं. मग उभा राहिला, वरचा दगड उचलला आणि खाली ठेवला. त्याच्या शेजारचा उचलला, तोही ठेवला. सकाळपासून बांधलेला अख्खा थर तो एक एक दगड करून उतरवत होता, शिट्टी वाजवत.

मी म्हटलं, अरे, चांगला तर बसला होता.

"मला पटला नाही," तो म्हणाला.

मोटार थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. मी रिकामी टोपली घेऊन पुन्हा चुऱ्याच्या ढिगाकडे निघाले.